जुन्या मोटारीचें मोल

वस्तु वापरली कीं तिची किंमत उतरते, हा व्यवहाराचा सर्वमान्य नियम होय. घोडा म्हातारा झाला म्हणजे त्याचें मोल घटतें, कापड विटलें म्हणजे त्याचा भाव पडतो, आणि यंत्र झिजलें म्हणजे तें मोडीच्या वजनानें विकलें जातें. मोटारीला तर हा नियम विशेष कठोरपणें लागू पडतो. नवी कोरी मोटार दुकानाच्या दारांतून बाहेर पडली कीं त्याच घटकेला तिच्या किंमतीला ओहोटी लागते, आणि वीस-पंचवीस वर्षांनीं ती भंगारवाल्याच्या अंगणांत जाऊन पडते. असें असतां, जिच्या टायरांतील हवा केव्हांच निघून गेली आहे, जिच्या टपावर बोटभर धूळ साचली आहे, आणि जी किल्ली फिरवूनहि जागची हलणार नाहीं, अशा एखाद्या मोटारीसाठीं माणसें कोट्यवधि रुपये मोजतात आणि वर ती धूळसुद्धां पुसूं नका म्हणून बजावतात, हें ऐकून कोणाहि समंजस गृहस्थाला नवल वाटेल. परंतु या नवलाच्या मुळाशीं केवळ धनिकांची लहर नाहीं. इतिहासाच्या अभ्यासकाला चांगला परिचित असलेला एक जुना प्रश्न त्यांत दडलेला आहे. गतकाळाची वस्तु हातीं आली असतां तिची दुरुस्ती करावी, कीं ती आहे तशीच राखावी? आणि तिचें मोल ठरवावयाचें तें तिच्या रूपावरून, कीं तिच्या साक्षीवरून?

इंग्लंडच्या ईशान्य भागांत न्यूकॅसल नांवाचें शहर आहे. तेथें सन २००७ मध्यें एक वृद्ध अस्थिशल्यवैद्य निवर्तला. त्याच्या वारसांनीं मालमत्तेची व्यवस्था लावतांना त्याचें गॅरेज उघडलें, तेव्हां आंत एक बुटकी, लांब नाकाची, दोन माणसांच्या बैठकीची मोटार उभी होती. सन १९६० नंतर लवकरच ती तेथें लावली गेली होती, आणि त्यानंतर जवळजवळ अर्धें शतक तिनें रस्ता पाहिलेला नव्हता. अंतर मोजणाऱ्या यंत्रावर अवघे २६,२८४ मैल दिसत होते. ही मोटार बुगाटी कारखान्याची, सन १९३७ मधील, 'टाइप ५७ एस आटालांट' या नांवानें ओळखली जाणारी होती. त्या शल्यवैद्यानें ती सन १९५५ मध्यें नऊशें पौंडांहूनहि कमी किंमतीला घेतली होती. आतां तिची किंमत काय करावयाची, हा प्रश्न लिलाव करणाऱ्या बॉनहॅम्स पेढीपुढें उभा राहिला.

तो प्रश्न समजण्यासाठीं त्या मोटारीचें कुळ थोडें पाहिलें पाहिजे. एत्तोरे बुगाटी हा मूळचा मिलानचा. त्याचा जन्म सन १८८१ मधील. घराणें कलावंतांचें. बाप कार्लो हा घरगुती लांकडी सामानाचा नामांकित रचनाकार, तर धाकटा भाऊ रेंब्रांट हा पशूंच्या मूर्ति घडविणारा शिल्पकार. एत्तोरेनें सन १९०९ मध्यें आल्सास प्रांतांतील मोल्सहाइम या गांवीं कारखाना काढला. तो प्रांत त्या वेळीं जर्मनीकडे होता, आणि पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्सकडे आला. यंत्राचा भाग डोळ्यांनाहि सुंदर दिसला पाहिजे, हा त्या घराचा कुळाचार असल्यामुळें बुगाटीचें इंजिन उघडून दाखविलें तर तें एखाद्या सोनाराच्या कामासारखें दिसतें. सन १९३४ मध्यें निघालेला 'टाइप ५७' हा नमुना मुख्यतः एत्तोरेचा मुलगा ज्यां याच्या बुद्धींतून उतरला. आठ सिलिंडर एका रांगेंत बसविलेलें, ३,२५७ घनसेंटिमीटरांचें त्याचें इंजिन होतें. या जातीच्या सुमारें सातशें गाड्या बनल्या. त्यांतील कांहीं थोड्या गाड्यांचा सांगाडा जमिनीलगत उतरविलेला होता, आणि 'एस' हें अक्षर या बुटकेपणाचेंच द्योतक आहे. अशा गाड्या सुमारें चाळीस बनल्या, आणि त्यांतहि आटालांट या घाटाच्या केवळ सतरा. सन १९३९ च्या ऑगस्टमध्यें ज्यां बुगाटी हा एका शर्यतीच्या गाडीची चांचणी घेत असतांना अपघातांत मरण पावला. तेव्हां त्याचें वय अवघें तीस वर्षांचें होतें. पुढच्याच महिन्यांत दुसरें महायुद्ध पेटलें, आणि सन १९४७ मध्यें बापहि गेला. कारखान्याचें तें वैभव पुन्हां परतलें नाहीं. तात्पर्य, पुरवठ्याची वही कायमची मिटलेली आहे. मागणी कितीहि वाढली तरी अठरावी गाडी आतां होणें नाहीं.

त्या सतरांपैकीं ही एक गाडी सन १९३७ मध्यें प्रथम घेतली ती अर्ल हौ यांनीं. हे इंग्लंडांतील सरदार असूनहि शर्यतीच्या मैदानावरचे खरे गडी होते. ब्रिटिश रेसिंग ड्रायव्हर्स क्लब या संस्थेचे ते अध्यक्ष होते, आणि सन १९३१ मध्यें फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांची शर्यत त्यांनीं सर हेन्री बर्किन यांच्या जोडीनें जिंकलेली होती. त्यांनीं या बुगाटीला स्वतःच्या सोयीसाठीं बंपर बसवून घेतले आणि मागचें दिसण्यासाठीं आरसे लावून घेतले. पुढील एका मालकानें इंजिनाला हवा कोंबणारा सुपरचार्जर जोडला. कारखान्यांतून निघालेल्या गाडीला यांतलें कांहींच नव्हतें. मग या वस्तु काढून टाकाव्या, कीं ठेवाव्या? गाडीच्या जन्मकाळचें शुद्ध रूप हवें असेल तर त्या काढल्या पाहिजेत, पण गाडीचें चरित्र हवें असेल तर त्या राहिल्या पाहिजेत. एका आरशावरून उभा राहणारा हा वाद वरवर क्षुल्लक दिसला, तरी मोल ठरविण्याचें सारें शास्त्र त्यांत सांठविलेलें आहे.

जुन्या मोटारीची किंमत करणारा जाणकार प्रथम तिच्या सौंदर्याकडे पाहत नाहीं, तो तिचे अंक पाहतो. गाडीच्या मूळ सांगाड्यावर, इंजिनावर, गियरपेटीवर आणि मागच्या आंसावर कारखान्यानें अंक ठोकलेले असतात. ते अंक कारखान्याच्या नोंदवहीशीं ताडून पाहावयाचे. जन्माच्या वेळीं या सांगाड्यांत जें इंजिन बसलें होतें तेंच आज आहे काय, ही पहिली कसोटी. शर्यतींत धांवलेल्या गाड्यांचीं इंजिनें फुटत असत, बदलत असत, एकीचें दुसरीला बसत असे. म्हणून सगळे अंक जुळणारी गाडी भाग्यानेंच मिळते. न्यूकॅसलच्या बुगाटीचा सांगाडा, इंजिन आणि वरची बॉडी हीं सारीं जन्मजात होतीं.

दुसरी कसोटी वंशावळीची. गाडी कोणाकडून कोणाकडे गेली, याची सांखळी अखंड असली पाहिजे. विक्रीच्या पावत्या, परवान्याचीं पुस्तकें, दुरुस्तीचीं बिलें, पत्रव्यवहार, जुनीं छायाचित्रें या सगळ्यांचा उपयोग होतो. घराण्याच्या दप्तरांत सनद सांपडावी आणि वतनाचा दावा शाबीत व्हावा, तसाच हा प्रकार. मधलीं दहा वर्षें गाडी कोठें होती हें सांगतां आलें नाहीं, तर तेवढ्या दहा वर्षांच्या अंधारांत पाहिजे ती लबाडी झालेली असूं शकते, आणि चतुर गिऱ्हाईक त्या अंधाराची वजावट किंमतींतून करतो. तिसरी कसोटी पूर्णतेची. गंजलेला भाग चालतो, पण हरवलेला भाग चालत नाहीं. कारण गंजलेल्या भागावरून नवा घडवितां येतो, परंतु हरवलेल्याचें माप कोणाकडे मागावयाचें? चवथी कसोटी मूळपणाची. रंग, चामडें, कांचा, तारा, इतकेंच काय पण पेंचसुद्धां पहिलेच आहेत काय, हें पाहावयाचें. आणि शेवटीं बाजार. तशाच जातीची गाडी अलीकडे कोठें, कोणत्या स्थितींत, किती रकमेला विकली गेली, याचा ताळा घेऊन जाणकार एक आंकडा सांगत नाहीं, तर खालची आणि वरची अशा दोन मर्यादा सांगतो. जमिनीची किंमत करणारा अनुभवी कारकूनहि याहून वेगळें कांहीं करीत नाहीं.

येथवर सर्व सरळ आहे. अडचण येते ती पुढें. पूर्वीं जाणकारांचा हिशेब असा असे कीं, दुरुस्त होऊन झळकणाऱ्या गाडीची जी किंमत, तिच्यांतून दुरुस्तीचा खर्च वजा करावा. बाकी राहील ती नादुरुस्त गाडीची किंमत. समजा, झळकणारी गाडी शंभर रुपयांस जाते आणि ती तशी करण्यास साठ रुपये लागतात. तर मोडकी गाडी चाळीस रुपयांची. पडक्या वाड्याची किंमत अशीच करतात, आणि व्यवहाराच्या दृष्टीनें त्यांत चूक कांहींच नाहीं. कित्येक दशकें मोटारींचा बाजार याच त्रैराशिकावर चालला. गाडी सांपडली कीं तिचा सांगाडा उघडा करावयाचा, पत्रा खरवडून नवा रंग चढवावयाचा, गाद्यांना नवें चामडें शिवावयाचें, आणि जन्माच्या दिवशींसुद्धां नव्हती इतकी ती चकचकीत करावयाची, हाच परिपाठ होता. अमेरिकेंतील पेबल बीच येथें सन १९५० मध्यें सुरू झालेल्या मोटारींच्या सौंदर्यस्पर्धेसारख्या ठिकाणीं अशाच गाड्यांना मान मिळे.

पण हळूहळू या त्रैराशिकाचें उत्तर चुकूं लागलें. न दुरुस्त केलेली गाडी चाळीसांना जाईना. ती साठांना, ऐशींना, कधीं कधीं शंभराच्याहि वर जाऊं लागली. याचें कारण असें कीं, दुरुस्तीनें गाडींत कांहीं भर पडते तसें तिच्यांतून कांहीं कायमचें जातेंहि, ही गोष्ट लोकांच्या ध्यानांत आली. जें जातें त्याची किंमत वजाबाकींत कोणी धरलीच नव्हती.

ही जाणीव मोटारींच्या जगांत उशिरां आली, पण इमारतींच्या जगांत ती फार जुनी आहे. एकोणिसाव्या शतकांत फ्रान्समध्यें व्हियोले-ल-द्यूक नांवाच्या स्थापत्यकारानें जुन्या देवळांचे आणि किल्ल्यांचे मोठ्या आंवांक्यानें जीर्णोद्धार केले. इमारत पूर्वीं कशी असावयास हवी होती याची कल्पना करून त्याप्रमाणें तिला पूर्णत्व द्यावें, अशी त्याची दृष्टि होती. उलट इंग्लंडांत जॉन रस्किन यानें सन १८४९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या आपल्या वास्तुकलेवरील ग्रंथांत अशा जीर्णोद्धारावर कडाडून हल्ला चढविला. मेलेल्या कारागिराचा हात परत आणतां येत नाहीं, म्हणून त्याच्या कामावर दुसऱ्यानें हात फिरवणें म्हणजे त्या कामाचा नाशच करणें होय, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता. त्याच विचारानें विल्यम मॉरिस यानें सन १८७७ मध्यें जुन्या इमारतींच्या रक्षणासाठीं एक संस्था काढली. दगडावरचा काळाचा थर खरवडूं नका, हाच तिचा पुकारा. आपल्याकडे जुन्या देवळांच्या कोरीव कामावर भक्तिभावानें तैलरंगाचे हात चढवितात, तेव्हां भावना कितीहि शुद्ध असली तरी छिन्नीच्या बारीक खुणा त्या रंगाखालीं बुजून जातात. रस्किनला जें दुःख झालें तें याच जातीचें होतें.

मोटारीच्या बाबतींत या खुणा कोणत्या? सन १९३७ मध्यें मोल्सहाइमच्या कारागिरानें पत्र्याच्या आंतल्या बाजूवर हातोडीचे ठोके कसे दिले, रंग किती थरांत दिला, शिवणीचा टांका किती अंतरावर घातला, तार कोणत्या मार्गानें नेली, यांची नोंद कोणत्याहि पुस्तकांत नाहीं. ती फक्त त्या गाडींत आहे. अशी एक तरी अस्पर्श गाडी शिल्लक असेल, तरच बाकीच्या सोळांची दुरुस्ती खरी कीं खोटी हें ताडून पाहतां येईल. म्हणजे नादुरुस्त गाडी ही केवळ एक गाडी राहत नाहीं, तर ती तिच्या साऱ्या जातीची मूळ प्रत होते. नकलांवरून पोथी शुद्ध करणाऱ्या पंडिताला मूळ हस्तलिखित हातीं लागावें, तसें तें आहे. मग त्या हस्तलिखिताचीं पानें वाळवीनें कुरतडलेलीं असलीं म्हणून कोणी तीं फेंकून देऊन नव्या कागदावर सुवाच्य अक्षरांत उतरवून घेईल काय?

न्यूकॅसलची बुगाटी ता. ७ फेब्रुवारी २००९ रोजीं, म्हणजे जगाच्या पेढ्या कोसळून पुरते सहा महिनेहि झाले नव्हते अशा काळीं, पॅरिस येथें लिलावांत आली. वृत्तपत्रांनीं तिच्याविषयीं फार मोठमोठे आंकडे छापले होते. हातोडा पडला आणि खरेदीदाराची दलाली धरून किंमत झाली सुमारें ३४ लाख युरो. अफवांच्या मानानें ही रक्कम कमी, पण काळाच्या मानानें प्रचंड. किंमतीचा अंदाज करणाऱ्याला यांत दोन धडे आहेत. एक, वर्तमानपत्री आंकड्यावर विसंबूं नये. दुसरा, मंदीचा वारा सुटला तरी ज्या वस्तूची वंशावळ अखंड आहे तिचें पाळ सहसा उखडत नाहीं.

याहूनहि विलक्षण गोष्ट आहे ती सन १९२५ च्या दुसऱ्या एका बुगाटीची. 'ब्रेसिया' जातीची ही छोटी गाडी स्वित्झर्लंडांत मॅगिओरे सरोवराच्या कांठीं आस्कोना या गांवीं आली होती. तिच्यावरील आयातकर भरला गेला नाहीं, म्हणून कायद्याप्रमाणें तिचा नाश करण्यासाठीं सन १९३६ च्या सुमारास ती सरोवरांत लोटून देण्यांत आली, असें सांगतात. सन १९६७ मध्यें ती एका पाणबुड्याच्या दृष्टीस पडली, तेव्हां ती सुमारें पन्नास मीटर खोलीवर होती. पुढें त्या भागांतील एका तरुणाचा मारहाणींत बळी गेला. त्याच्या नांवानें निघालेल्या धर्मादाय निधीसाठीं पैसा उभारावा, या हेतूनें स्थानिक पाणबुड्यांनीं सन २००९ च्या जुलैंत ती गाडी वर काढली. जी बाजू चिखलांत रुतली होती ती बरीच शाबूत होती, परंतु उघड्या बाजूची अगदीं चाळण झाली होती. लिलावदारांनीं अंदाज केला ७० ते ९० हजार युरोंचा. सन २०१० च्या जानेवारींत प्रत्यक्ष किंमत आली २,६०,५०० युरो. भाग म्हणून विकले असते तर हे अवशेष याच्या जवळपासहि गेले नसते. अमेरिकन संग्राहक पीटर म्युलिन यांनीं ती घेतली आणि कॅलिफोर्नियांतील आपल्या संग्रहालयांत, कांहींहि दुरुस्ती न करतां, पाण्यांतून निघाली तशीच मांडली. पुढें म्युलिन निवर्तले आणि सन २०२४ मध्यें तें संग्रहालयहि बंद झालें. पण तेथें जी गर्दी त्या गंजक्या सांगाड्याभोंवतीं होई, तिचें कारण उघड होतें. नव्या रंगाची ब्रेसिया दुसरीकडे पाहावयास मिळते, पण त्र्याहत्तर वर्षें पाण्यानें लिहिलेलें चरित्र दुसरीकडे वाचावयास मिळत नाहीं.

तथापि गंजाचें स्तोत्र गातांना तोल सुटूं देतां कामा नये. फ्रान्समधील बायों यांच्या संग्रहाची कथा या दृष्टीनें उद्बोधक आहे. रोझे बायों हे मालवाहतुकीच्या धंद्यांत वर आलेले गृहस्थ. दुसऱ्या महायुद्धानंतर लोक जुन्या मोटारी भंगारांत घालीत होते, त्या काळीं त्यांनीं त्या गोळा करावयास आरंभ केला. जुन्या मोटारींचें संग्रहालय काढावें, हें त्यांचें स्वप्न होतें. पण सन १९७० नंतर धंदा अडचणींत आला, कांहीं गाड्या विकाव्या लागल्या, आणि उरलेल्या शेतांतल्या पत्र्याच्या मांडवाखालीं उभ्या राहिल्या. सन २०१४ मध्यें पॅरिसच्या आर्तक्यूरियाल या लिलावगृहाचे जाणकार तेथें पोंचले, तेव्हां वेली गाड्यांच्या आंत शिरल्या होत्या. एका बंद खोलींत मात्र जुन्या मासिकांच्या ढिगाखालीं सन १९६१ मधील फेरारीची 'कॅलिफोर्निया स्पायडर' उभी होती. एके काळीं ती सिनेनट आलँ दलों यांची होती. ता. ६ फेब्रुवारी २०१५ रोजीं लिलाव झाला. या फेरारीचा अंदाज होता ९५ लाख ते १ कोटि २० लाख युरो, आणि ती गेली सुमारें १ कोटि ६३ लाख युरोंना. एकूण ५९ गाड्यांचे जवळजवळ अडीच कोटि युरो आले.

या बातमीचा अर्थ पुष्कळांनीं असा केला कीं, गाडी टाकून द्यावी आणि तिचें सोनें व्हावें. तो अर्थ खोटा आहे. हिशेब नीट पाहिला तर अडीच कोटींतले सुमारें १ कोटि ६३ लाख, म्हणजे जवळजवळ दोन तृतीयांश रक्कम, एकट्या फेरारीनें आणली, आणि ती फेरारी बंद खोलींत कोरडी राहिलेली होती. उघड्या मांडवाखालच्या कित्येक गाड्यांचा मात्र पत्राच विरून गेला होता. त्यांची साक्ष कोणी खोडली नव्हती, ती पावसानें पुसून टाकली होती. जतन आणि हयगय या दोन गोष्टी दिसावयास सारख्या असल्या तरी एक नव्हेत. वस्तूला हात न लावणें हें जतन तेव्हांच ठरतें, जेव्हां तिच्यावर छप्पर असतें आणि ओल येऊं न देण्याची कोणी काळजी घेत असतो. ज्यानें त्या गाड्या भंगारांतून वांचविल्या, त्याच्याच हातून परिस्थितीमुळें त्या पुन्हां निसटत गेल्या, हा या कथेंतला खरा चटका आहे. आंकड्यांच्या झगमगाटांत तो कोणाला दिसला नाहीं.

मूळपणाचा आग्रह कोठपर्यंत न्यावा, हा प्रश्न एकदां लंडनच्या उच्च न्यायालयापुढेंहि आला. 'ओल्ड नंबर वन' या नांवानें प्रसिद्ध असलेली बेंटली गाडी सन १९२९ आणि सन १९३० अशीं लागोपाठ दोन वर्षें ल मांची शर्यत जिंकली होती. पुढें तिच्यांत अनेक फेरफार झाले. सन १९३२ मध्यें ब्रुकलंड्सच्या मैदानावर तिला भीषण अपघात झाला, आणि चालक क्लाइव्ह डनफी मृत्युमुखीं पडला. नंतर तिच्यावर बंद बॉडी चढली. जुन्या मोटारींच्या किंमती आकाशाला भिडल्या होत्या त्या काळांत ही गाडी एक कोटि पौंडांना विकण्याचा करार झाला. परंतु ही ती गाडीच नव्हे, असें म्हणून खरेदीदार कंपनीनें पैसे देण्याचें नाकारलें. सन १९९० मध्यें न्यायमूर्ति ऑटन यांनीं निवाडा दिला. सन १९२९ च्या गाडींतलें जवळजवळ कांहींच उरलेलें नाहीं, हें त्यांनीं मान्य केलें. पण गाडीचें अस्तित्व कधींहि खंडित झालें नाहीं, ती कोणत्याहि क्षणीं नाहींशी होऊन दुसरी तिच्या जागीं आली नाहीं, म्हणून ती खरीच 'ओल्ड नंबर वन' आहे, असें त्यांनीं ठरविलें. प्लूटार्कनें सांगितलेली थीसियसच्या जहाजाची गोष्ट अनेकांना ठाऊक असेल. एकेक फळी बदलत सगळ्या फळ्या बदलल्या, तर जहाज तेंच कीं दुसरें, असा अथेन्सच्या तत्त्वज्ञांचा वाद होता. त्या वादाचा निकाल अडीच हजार वर्षांनंतर एका मोटारीच्या निमित्तानें लागला, असें विनोदानें म्हणतां येईल. पण त्यांतला फरक मार्मिक आहे. बेंटलीजवळ अखंड चरित्र होतें, मूळ द्रव्य नव्हतें. न्यूकॅसलच्या बुगाटीजवळ दोन्ही होतीं. किंमत करणाऱ्यानें या दोन गोष्टी वेगळ्या तोलल्या पाहिजेत.

ज्या गुणाला पैसा मिळतो त्याची नक्कल झाल्यावांचून राहत नाहीं. पूर्वीं जुन्या गाडीला नव्याचें सोंग देत, आतां नव्या कामाला जुन्याचें सोंग देणारे निघाले आहेत. मुद्दाम रंग घासून झिजविणें, चामड्याला भेगा पाडणें, आम्लानें गंज चढविणें या विद्या बाजारांत आल्या आहेत. म्हणून जाणकार उघड्या जागेवरच्या झिजेवर विश्वास ठेवीत नाहीं. तो गालिचा उचलून पाहतो, दाराच्या आंतल्या कडा पाहतो, आणि चालकाच्या टाचेखालीं जितकी झीज तितकी शेजारच्या बैठकीखालींहि दिसली तर मनांत शंका धरतो. खरा काळ सगळीकडे सारखा झिजवीत नाहीं. तो जेथें माणसाचा हात पडला असेल तेथेंच जास्त झिजवितो.

जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय संघानें, ज्याला फिवा असें म्हणतात, सन २०१२ मध्यें ट्यूरिन येथील सनद मान्य केली. वास्तूंच्या रक्षणासाठीं सन १९६४ मध्यें झालेल्या व्हेनिसच्या सनदेचा आदर्श तिच्यापुढें होता. शक्य तेथें जतन करावें, अवश्य तेवढीच दुरुस्ती करावी, आणि जें नवें घातलें तें नवें म्हणून ओळखूं यावें, असें तिचें सार आहे. भारत सरकारनेंहि सन २०२१ मध्यें जुन्या वाहनांच्या नोंदणीचे नियम केले. त्यांत पन्नास वर्षांहून अधिक वयाचें, मूळ स्वरूपांत राखलेलें आणि ज्यांत फार मोठा फेरफार झालेला नाहीं असें वाहन, अशी व्याख्या दिली आहे. मूळ स्वरूप ही गोष्ट अशा रीतीनें हौसेच्या प्रांतांतून कायद्याच्या भाषेंत आली. ज्यांच्या घरीं आजोबांची एखादी गाडी पोत्याखालीं झांकलेली असेल, त्यांनीं ती रंगाऱ्याकडे धाडण्यापूर्वीं या दोन शब्दांचा विचार करावा. आधीं तिचे कागद शोधावे, तिची छायाचित्रें घ्यावीं, उंदीर आणि ओल यांपासून तिला वांचवावें, आणि मग कोणाचा तरी सल्ला घ्यावा. रंग केव्हांहि देतां येईल, पण दिलेला रंग काढून खालचा परत आणतां येणार नाहीं.

मोटारीची किंमत लिलावाच्या हातोड्याखालीं ठरते, आणि ती उद्यां वेगळी असेल. बेंटलीच्या कराराच्या काळांतल्या किंमती पुढच्या दोन-तीन वर्षांतच घसरल्या, हें सर्वांनीं पाहिलें आहे. परंतु मोल ही वस्तु भावाप्रमाणें वरखालीं होत नाहीं. मोल्सहाइमच्या ज्या कारागिरानें सन १९३७ मध्यें तो पत्रा वळविला त्याचें नांव कोणाला ठाऊक नाहीं. त्याचें चित्र नाहीं, चरित्र नाहीं, समाधि नाहीं. त्याच्या हातोडीचे ठोके तेवढे त्या पत्र्याच्या आंतल्या बाजूला उमटलेले आहेत. जोंवर कोणी ते घासून सपाट करीत नाहीं, तोंवर तो कारागीर बोलूं शकतो. धुळीनें भरलेल्या त्या गाडीसाठीं माणसें जी रक्कम मोजतात, तिचा मोठा भाग त्या बोलण्यासाठींच असतो, मग मोजणाऱ्याला त्याची जाणीव असो वा नसो.